समान शिक्षण म्हणजे काय?

शाळा उघडली म्हणजे शिक्षण सर्वांस खुलें झालें, असा एक समज रूढ आहे. आमच्या धाराशिव जिल्ह्याचा पूर्वेतिहास या समजास धक्का देणारा असल्यामुळें तो विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें व तेथें शास्त्रें, कायदा, वैद्यक हे विषय उर्दूंतून शिकविले जाऊं लागले. उच्च शिक्षण देशी भाषेंतून देण्याचा हा प्रयोग मोठ्या धाडसाचा होता; त्याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. परंतु मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेस ती देशी भाषाही परकीच होती. प्राथमिक वर्गांच्या पुढें जावयाचें तर उर्दूवांचून गति नसे. म्हणजे कुणब्याच्या मुलास गणित शिकण्यापूर्वीं, गणित ज्या भाषेंत सांगितलें जाई ती भाषा शिकावी लागे. शाळेचें दार उघडें होतें खरें. पण उंबरठा सर्वांस सारखा नव्हता. ज्यांच्या घरीं पणजोबांचीं जुनीं प्रशस्तिपत्रें जपून ठेविलेलीं असतील, त्यांनीं तीं एकदां काढून पाहावींत!

या अडचणीवर उपाय याच जिल्ह्यांत निघाला. १९२१ सालीं हिप्परगा या खेड्यांत मराठींतून शिक्षण देणारी राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढें हैदराबाद मुक्तिसंग्रामाचें नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ, तेथें शिक्षक होते. संस्थान भारतांत विलीन झाल्यावर मराठीस शाळांत स्थान मिळालें. १९५६ सालीं जिल्हा मुंबई राज्यांत आला आणि १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाल्यामुळें उच्च शिक्षणाची सोयही जवळ आली.

भाषेची अडचण गेली. कायद्याचें पाठबळही मिळालें : २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला व ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षण हें राज्यकर्त्यांचें कर्तव्य ठरलें. तथापि आमच्या मतें खरी कसोटी वर्गांत हजर असलेल्या मुलावर लागत नाहीं, ती गैरहजर असलेल्यावर लागते. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांतून कित्येक कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात, तीं उन्हाळ्यांत परततात. मुलें बरोबर गेलीं कीं वर्षाचा उत्तम भाग बुडतो. पटावर नांव असतें, बांकावर मूल नसतें. सर्व शाळांचें वेळापत्रक एकच ठेवणें म्हणजे समता, असें मानणाऱ्यांनीं या रिकाम्या बांकाचा विचार करावा.

यासाठीं हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तींत आईबाप कामावर असतां मूल गांवींच राहून शिकतें. ज्या पालकांस मूल मागें ठेवावयाचें असेल, त्यांनीं निघण्यापूर्वींच शाळेच्या व्यवस्थापन समितीस कळवावें. मूल बरोबर नेणेंच भाग असेल, तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावें व ज्या गांवीं मुक्काम पडेल तेथील शाळेंत तें दाखवावें. दाखला मिळण्यास विलंब झाला, एवढ्या कारणावरून कोणत्याही सरकारी शाळेस प्रवेश नाकारतां येत नाहीं. कायद्याच्या पांचव्या कलमांत तसें स्पष्ट म्हटलें आहे.