नारू: कापडाने गाळून घालवलेला जंत

पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या पिढीला नारू चांगलाच ठाऊक होता. पाण्यातल्या सायक्लोप्स नावाच्या सूक्ष्म किड्यांबरोबर त्याच्या अळ्या पोटात जात. वर्षभराने दीड-दोन हात लांबीची मादी बहुधा पायावर फोड आणून बाहेर डोकावे. आग सोसेना म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवी आणि मादीला तेच हवे असे! ती तिथे हजारो अळ्या सोडी. काडीवर गुंडाळत जंत रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला, की जखम चिघळे. यावर औषध किंवा लस आजही नाही. पाणी दुहेरी कापडातून गाळणे, पायविहिरींऐवजी हातपंप आणि पाण्यात कीटकनाशक, एवढ्यावरच भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानात आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. आफ्रिकेतल्या चाडमध्ये मात्र तो कुत्र्यांतही शिरला आहे.