चार नंबरच्या रस्त्याकाठच्या गाड्या

ठाण्याहून निघून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर करत बेंगळुरूत शिरणारा आणि तिथून होसकोटे, कोलार, मुळबागल, चित्तूरमार्गे चेन्नईला पोचणारा रस्ता म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४. बाराशे किलोमीटरहून थोडा जास्तच. २०१० साली सरकारने आकडे बदलले. पुणे-कोल्हापूरकडच्या तुकड्याला ४८ नंबर मिळाला, आमच्या होसकोटे-कोलारच्या तुकड्याला ७५. जुने ट्रकवाले मात्र अजून 'एनएच फोर'च म्हणतात, आणि मीही.

या रस्त्याच्या कोल्हापूरच्या टोकाला मी वाढलो, पिंपरीत नोकरीला लागलो आणि पुढे होसकोट्यात आलो. १९९८ला इथे व्होल्वोचा ट्रकचा कारखाना उभा राहिला, २००१ला बसचा. त्यांच्या आगेमागे सुट्या भागांची छोटी युनिटं आली आणि त्यांच्यात काम करायला पुण्या-कोल्हापूरकडचे फिटर, टर्नर, सुपरवायझर. मराठी माणूस इथे नवा नाही म्हणा. १६३८च्या स्वारीनंतर शहाजीराजांना जी जहागीर मिळाली, तिच्यात बेंगळुरूबरोबर होसकोटे आणि कोलारही होतं. ते घोड्यावर आले, आम्ही मोटरसायकलवर.

निवृत्तीनंतर कपाटातली जुनी आरसी पुस्तकं एकत्र लावताना लक्षात आलं, की मी आयुष्यभर ज्या गाड्या चालवल्या त्या जवळजवळ सगळ्या याच रस्त्याच्या काठी, फार तर थोडी वाट वाकडी केली की सापडतील अशा ठिकाणी बनलेल्या. आपल्याला वाटतं, गाडी आपण निवडली. खरं तर कुठला कारखाना जवळ आहे, कुठल्या वर्षी सरकारने काय सोडलं आणि गल्लीतल्या मेकॅनिकला कुठलं इंजिन उघडता येतं, या तीन गोष्टींनी ती आधीच निवडून ठेवलेली असते.

पहिली लूना. कायनेटिकने ती १९७२मध्ये आणली. कंपनी पुण्याची, कारखाना नगरला. पन्नास सीसी आणि पायडल. लूना ही मोटरसायकल नव्हे असं ज्यांना वाटतं त्यांनी भरल्या पिशव्या हँडलला अडकवून आणि मागे धाकटी बहीण बसवून रंकाळ्यावरून ती चालवलेली नाही. चढ आला की इंजिन कण्हायला लागायचं आणि आपण पायडल मारून त्याला हातभार लावायचा. वडिलांनी बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून ठेवला होता. त्या काळी नंबर लागायला दहा-दहा वर्षं जात. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलन पाठवलं तर लवकर. आमचा एकही नातेवाईक निपाणीच्या पलीकडे गेलेला नव्हता. तेव्हा लूना.

नोकरी लागल्यावर घेतली ती जुनी येझदी, रोडकिंग. येझदीची कुळकथा सांगण्यासारखी आहे. मुंबईचे रुस्तम इराणी चेकोस्लोव्हाकियातून जावा गाड्या आणून विकत. पन्नाशीच्या दशकात आयातीवर बंधनं आली तेव्हा त्यांनी आणि फारोख इराणींनी गाडी इथेच बनवायचं ठरवलं. म्हैसूरचे जयचामराज वडियार पाठीशी उभे राहिले आणि १९६१पासून आयडियल जावाच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३पासून टाकीवर 'येझदी' आलं, १९७८मध्ये रोडकिंग. १९९६ला कारखान्याला कुलूप लागलं.

जावा-येझदीची खूण म्हणजे तिचा डावीकडचा एकच दांडा. किकही तोच, गिअरही तोच. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवायचा, तो किक होऊन उभा राहतो. किक मारायची, इंजिन धरलं की दांडा पुन्हा पुढे पाडायचा, आणि आता तो गिअर. नवख्या माणसाला हे सांगून पटत नसे. गाडी मागायला आलेला मित्र उजवीकडे किक शोधत दोनदा प्रदक्षिणा घालायचा, आणि आम्ही कट्ट्यावरून मजा बघायचो. चोरांनाही हा दांडा त्रास देत असणार. त्या काळात माझ्या शेजारची स्कूटर गेली, येझदी जागेवर राहिली.

तिच्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. पंपावर टू-टी ऑइलचं हाताने दाबायचं यंत्र असायचं, आणि लिटरला किती मिली यावर प्रत्येकाचं आपलं मत. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लग काळा आणि सायलेन्सरमध्ये काजळीचा थर. दर काही महिन्यांनी सायलेन्सरच्या आतली नळी ओढून काढायची आणि शेकोटीत टाकून जाळायची, हे घरचं काम. बोअर मारायची वेळ आली की मात्र कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. तिथे ऑइल इंजिनांचे सिलिंडर घासणाऱ्या लेथवर माझा सिलिंडर चढला. मिस्त्रींनी पिस्टन हातात घेऊन उजेडात धरला, अंगठ्याने रिंगांची खाच चाचपली आणि म्हणाले, "अजून एक ओव्हरसाइज निघतोय, मग स्लीव्ह." ना मायक्रोमीटर, ना कागद. बसवल्यावर गाडी तशीच पळाली जशी त्यांनी सांगितली होती.

येझदीच्या जोडीला रस्त्यावर ज्या गाड्या दिसायला लागल्या त्यांनी सगळं चित्रच बदललं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने छोट्या गाड्यांसाठी जपानी कंपन्यांशी करार करायला वाट मोकळी केली. १९८४ला होसूरहून इंड-सुझुकी, १९८५ला हिरो होंडाची सीडी १०० आणि एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००, पुढच्या वर्षी कावासाकी बजाज. चारही शंभर सीसीच्या घरातल्या. एका पिढीने एवढी मोठी निवड पहिल्यांदाच बघितली.

त्यातली सीडी १०० फोर-स्ट्रोक होती, बाकीच्या टू-स्ट्रोक. हा फरक समजला की पुढची वीस वर्षं समजतात. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला एकदा पेटतं, म्हणून चपळ. पण नवं मिश्रण आत येताना आणि जळालेला धूर बाहेर जाताना दोन्ही दारं काही क्षण एकत्र उघडी असतात. थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं, वर ऑइलचा निळा धूर. फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा पेटतं, झडपा आपापल्या वेळी उघडतात, आणि पेट्रोल खिशात राहतं. संसारी माणसाने सीडी १०० घ्यायची. मी तेव्हा संसारी नव्हतो, आरएक्स घेतली.

आरएक्स ही माझ्या यादीतली पहिली बेइमान. ती आली उत्तरेतून, आमच्या रस्त्याशी तिचं नातं नाही. अठ्ठ्याण्णव सीसीत अकरा घोडे, आणि वजन शंभर किलोच्या आसपास. सिग्नल सुटल्यावर ती जे करायची ते आजच्या दीडशे सीसीच्या भारी गाड्यांनाही जमत नाही. ऑइलला वेगळी टाकी, त्यामुळे मिसळण्याचा खटाटोप संपला. १९९६ला ती बंद झाली; त्याच साली आणि पुन्हा २०००ला धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक मोटरसायकलींचा बाजार उठला. आज तिच्यासाठी लोक नव्या गाडीचे पैसे मोजतात. त्यातल्या अर्ध्याअधिक गाड्यांत मूळचं काय उरलंय ते मात्र टाकी उघडूनही कळणार नाही, इतक्या त्या पुण्याच्या नाना पेठेत आणि बेंगळुरूच्या शिवाजीनगरच्या गुजरीत जोडल्या गेल्या आहेत. शिवाजीनगर दोन्हीकडे आहे, हा एक फायदा. पत्ता विचारताना परकं वाटत नाही.

लग्नानंतर स्प्लेंडर आली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि हीच तिची थोरवी.

पल्सरचं तसं नाही. २००१ला ती आली तेव्हा मी होसकोट्यात होतो, पण पिंपरी-आकुर्डीच्या माणसाला ती घरातली पोर वाटली. स्कूटर विकून मोठी झालेली कंपनी. स्कूटरचे दिवस संपत आलेले. अशा वेळी चाकणला नवा कारखाना काढून बजाजने दीडशे आणि एकशे ऐंशी सीसीच्या दोन गाड्या एकदम बाजारात सोडल्या. इंजिन इथल्या लोकांनी बनवलेलं, रूप ग्लिन केर या ब्रिटिश डिझायनरच्या हातचं. शंभर सीसी आणि मायलेज हाच धर्म मानणाऱ्या देशात लोकांनी ती रांगा लावून घेतली. २००३ला एका सिलिंडरला दोन प्लग आले. एका प्लगने पेटलेली ज्योत सिलिंडरच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत वेळ जातो. दोन टोकांना दोन ठिणग्या दिल्या की मिश्रण लवकर आणि पुरतं जळतं. याच दोन प्लगांवरून पुढे बजाज आणि टीव्हीएस कोर्टात गेले. पुणे विरुद्ध होसूर. कारखान्यातल्या आमच्या कँटीनमध्ये दोन्ही पक्ष हजर असायचे, आणि वाद कोर्टापेक्षा तिथे जास्त रंगायचा.

एमएचची गाडी कर्नाटकात ठेवायची तर बारा महिन्यांच्या पुढे नंबर बदलावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमात तसं लिहिलंय. आधीच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, मग केए. पंधरा वर्षं झाली की पुन्हा तपासणी आणि पाच वर्षांची मुदतवाढ. कागदांच्या या वाटेवर अनेक चांगल्या गाड्या कंटाळून भंगारात गेल्या आहेत. पल्सरचे सोपस्कार मी पूर्ण केले. आता ती भाच्याकडे हुबळीला आहे.

आणि बुलेट. एन्फिल्डने १९५५ला मद्रास मोटर्सबरोबर भारतात बस्तान बसवलं, नंतर तिरुवोत्तियूरचा कारखाना. लष्कराला सीमेवर गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या, तिथून तिची सुरुवात. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७०च्या आसपास संपली, चेन्नईची चालूच राहिली. १९९४ला आयशरकडे गेली. माझी बुलेट बिडाच्या इंजिनाची, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्यात. स्प्लेंडरवरून उतरून तिच्यावर बसलं की पहिल्या चौकात पाय चुकतातच.

ती सुरू करणं हा एक विधी होता. टाकीसमोर अँपिअरचा काटा. चावी फिरवली की काटा एका बाजूला झुकतो, कारण पॉइंट बंद आहेत आणि कॉइलमधून करंट वाहतोय. आता किक अगदी सावकाश दाबत न्यायची. पिस्टन वर येतो, आतला दाब पायाला लागतो, आणि एका जागी काटा टपकन मध्यावर येतो, पॉइंट उघडले. तिथे थांबायचं. मग डाव्या हातातला डीकॉम्प्रेसर दाबून झडप थोडी उचलायची, पिस्टन तेवढ्या टोकापलीकडे ढकलायचा, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर घ्यायची आणि आता सगळं वजन टाकून एकच लाथ. काट्याकडे न बघता घाई केली की किक उलटी येते आणि घोटा सुजतो. इथल्या मेकॅनिकने, तो दखनी बोलतो, मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सार, जोर नक्को लगाव. कांटा देखो, फिर मारो." २०१०च्या सुमारास बिडाचं इंजिन गेलं, बटणाने सुरू होणारं आलं. त्याच्या गॅरेजमधली नवी पोरं आता माझ्या बुलेटला हात लावायच्या आधी त्यालाच हाक मारतात.

तिच्यावरून पहाटे निघायचं ते बिर्याणीसाठी नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवं. होसकोट्याची मटण बिर्याणी पहाटे चारलाच विकायला लागते आणि शनिवार-रविवारी बेंगळुरूहून पोरं मोटरसायकलींच्या झुंडी घेऊन येतात. सूर्य उगवायच्या आत लोक भरपेट मटण खाऊन परतलेले असतात. कोल्हापूरच्या माणसाने कौतुक करावं अशी ही एकच जागा मला इथे सापडली.

सध्या दारात दोन गाड्या आहेत. बुलेट, आणि बायकोने निवडलेली विजेची चेतक. चेतक हे नाव बजाजने १९७२ला पेट्रोलच्या स्कूटरला दिलं होतं. विजेवरची आली २०२०ला, आणि विक्री सुरू झाली ती फक्त पुणे आणि बेंगळुरू या दोन शहरांत. तिच्यात किक नाही, गिअर नाही, ऑइल नाही, प्लग नाही. आमचा मेकॅनिक ती लांबूनच बघतो. ब्रेक-शू आणि टायर सोडले तर तिच्यात त्याच्यासाठी काहीच ठेवलेलं नाही, आणि हे त्याला माझ्याआधी कळलं. त्याने बाजूचा गाळा भाड्याने घेऊन पंक्चर आणि टायरचं दुकान टाकलंय. वजनामुळे विजेच्या गाड्यांचे टायर लवकर झिजतात, असं तो म्हणतो.

कोलारकडे अर्धा-पाऊण तास गेलं की नरसापूरला होंडाचा कारखाना लागतो, २०१३ला सुरू झालेला. शिफ्ट सुटताना रस्त्याची एक बाजू कामगारांच्या दुचाकींनी भरते, दुसरीवरून कोऱ्या स्कूटर लादलेले कंटेनर निघतात. होसकोट्यापासून आता बेंगळुरू-चेन्नई द्रुतगती मार्गही सुरू झालाय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला पहिल्यापासून बंदी, बेंगळुरू-म्हैसूरच्या मुख्य मार्गिकांवर १ ऑगस्ट २०२३पासून. आमच्या या नव्या रस्त्यावरही दोन चाकांना थारा नाही. बुलेटच्या वेगाला ते ठीकच आहे. जुन्या रस्त्यावर अजून मुळबागलपर्यंत डोसा खायला जाता येतं, आणि तिथले डोसे त्यासाठी पुरेसे चांगले आहेत.