पाचवीचा पाटा, लसीचं कार्ड

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पश्चिमेला, भंडारदऱ्याकडचा सगळा डोंगराळ पट्टा म्हणजे आमचं डांगाण. तिथल्या एका वाडीवर मागे पाचवीची पूजा बघायला मिळाली. कोपऱ्यात पाटा-वरवंटा मांडला होता. वरवंट्याला हळदीकुंकू, शेजारी पणती, आणि पाट्यावर कोरा कागद नि पेन. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून कागदावर रेघसुद्धा ओढायची नाही. त्या कागदाखालून एक जाड कार्ड डोकावत होतं. ते होतं माता-बाल संरक्षण कार्ड. बीसीजी, पोलिओचा जन्माचा डोस, काविळीची लस, सगळ्यांच्या तारखा नर्सबाईंनी भरलेल्या होत्या. ते इथं कशाला ठेवलंय, असं विचारल्यावर बाळाच्या आजी म्हणाल्या, “सटवाईला पण दिसू दे, सुया झाल्यात म्हणून.”

धर्म आरोग्याच्या आड येतो का, या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा त्या पाट्याशी येतो. लस घेऊ नका किंवा पाळणा लांबवू नका, असं सांगणारी पोथी वाडीवर कुणी वाचत नाही. पण पाचवी चुकत नाही आणि नवरात्र चुकत नाही. बाईनं चार दिवस देवाला शिवायचं नाही, हेही चुकत नाही. धर्माचा जो काही अंमल आहे तो इथून, देवघराच्या उंबऱ्यावरून चालतो.

आधी ती पाचवीची रात्र. बाळंतपणानंतरची नेमकी हीच रात्र इतक्या धास्तीची का? नाळ विळ्यानं किंवा मिळेल त्या पात्यानं कापली, वर राख किंवा शेण लावलं, की धनुर्वाताचे जंतू आत शिरतात. त्याची लक्षणं साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतात. चांगलं अंगावर पिणारं मूल अचानक दूध ओढेनासं होतं, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखं ताठतं. पाचवी-सहावीचा जागता पहारा या अनुभवातूनच आला असावा, असं मला वाटतं. पिढ्यान् पिढ्या बायांनी मुलं याच दिवसांत जाताना पाहिली, आणि दिसत नव्हतं त्या कारणाला देवीचं नाव दिलं. पुढे गरोदरपणात आईला धनुर्वाताचं इंजेक्शन मिळू लागलं, नाळ कापायला नवं पातं आलं, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. २०१५ साली भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. सटवाईची पूजा कुणी बंद पाडली नव्हती, तरी त्या रात्रीची धास्ती ओसरली.

आपल्या भाषेनं तर याहून मोठी गोष्ट केली आहे. आपण रोगालाच ‘देवी’ म्हटलं. लस आली तेव्हा तिलाही तेच नाव दिलं. “मुलाच्या देवी काढल्या का?” हा प्रश्न आमच्या आधीच्या पिढीनं शाळेत नाव घालताना ऐकला आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १९७५ मध्ये, देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. साठीच्या पुढच्या माणसांच्या दंडावर तो गोल वण अजून दिसतो. रोग, देवता आणि लस या तिन्हींना एकच शब्द वापरून भाषेनं भांडणाचं एक कारणच काढून टाकलं. देवी काढून घेणं म्हणजे देवीशी वैर नव्हे, हे शब्दातच आलं.

गोवराचं मात्र तसं झालं नाही. मुलाच्या अंगावर पुरळ उठलं की ‘बाया आल्या’ म्हणतात. घरात फोडणी द्यायची नाही, दाराला कडुलिंबाचा डहाळा, परक्याला आत घ्यायचं नाही. यातलं परक्याला न घेणं शहाणपणाचंच आहे. गोवर हवेतून पसरतो, आणि आजारी मूल वेगळं राहिलं की शेजारची मुलं वाचतात. पण त्याच नेमात ‘औषध द्यायचं नाही, बाया कोपतात’ हेही येतं. गोवरानं मूल दगावतं ते बहुधा पुरळानं नाही, त्यानंतरच्या न्यूमोनियानं आणि हगवणीनं. तिथं डॉक्टर हवा, ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस हवा, आणि त्याच्या आधी नवव्या महिन्याची लस हवी. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली तेव्हा महापालिकेनं मौलानांना मदतीला घेतलं. लसीचं सांगणं मशिदीतून आलं की दार उघडतं, हे त्यांनी ओळखलं. डोंगरातल्या वाडीवर हेच काम भगताकडून करून घेता येतं. मुलाला आधी भगताकडे नेलं म्हणून आईवर खेकसणाऱ्यापेक्षा, भगतालाच “अंगारा लाव, पण ताप उतरला नाही तर राजूरच्या दवाखान्यात पाठव” असं सांगून ठेवणारी आशाताई मला जास्त शहाणी वाटते.

लसीचं असं काहीतरी जमून जातं. संततिनियमनाचं इतक्या सहज जमत नाही, कारण तिथं प्रश्न रोगाचा नसतो, बाईवर हुकूम कुणाचा याचा असतो. हे मराठीत पहिल्यांदा उघडपणे बोलले रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. ‘संततिनियमन’ या पुस्तकाबरोबरच त्यांनी ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हेही लिहिलं. मूल नको तर काय करावं आणि रोग नको तर काय करावं, हे दोन प्रश्न त्यांच्या लेखी एकाच घरातले होते. आज निरोधच्या पाकिटावरून आपण तेच वाचतो. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. कॉलेज ख्रिस्ती मिशनचं होतं. हा प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा, अशी वेळ आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. अश्लीलतेच्या खटल्यांत त्यांना १९३१ मध्ये शंभर आणि १९३४ मध्ये दोनशे रुपये दंड झाला. १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं.

कर्व्यांच्या विरोधकांची यादी बघण्यासारखी आहे. सनातनी हिंदू होतेच, पण मिशनचं कॉलेजही होतं. डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या अमेरिकन प्रचारक मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हा गांधीजींनीही साधनांना नकार देऊन ब्रह्मचर्याचाच मार्ग सांगितला. एरवी एकमेकांशी वाद घालणारी ही माणसं एका गोष्टीवर एक झाली. बाईनं गरोदरपणाच्या भीतीशिवाय नवऱ्याजवळ जावं, हे त्यांना नको होतं. कर्व्यांना नेमकं तेच हवं होतं.

आमच्या नगर जिल्ह्यानं अभिमानानं सांगावी अशी एक तारीख या कथेत आहे, ती कुणी सांगत नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. ठरावामागे आंबेडकर होते आणि मांडणारे होते त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे, नगर जिल्ह्यातून निवडून आलेले पी. जे. रोहम. वारंवारच्या बाळंतपणांनी बाईच्या शरीराचे होणारे हाल आणि गरिबाच्या घरातली ओढाताण त्यांनी सभागृहापुढे ठेवली. ठराव पडला.

पुढे सरकारच संततिनियमन करायला निघालं, आणि आणीबाणीत सक्तीवर आलं. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. त्या वर्षभरात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यात बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. त्यानंतर पुरुष जो पळाला तो परत आलाच नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के आहे आणि पुरुषांची ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, काही मिनिटांची, आणि बाईच्या ऑपरेशनपेक्षा कमी जोखमीची. तरी ‘माणसाची ताकद जाते’ हा समज कुठल्याही धर्मवचनापेक्षा पक्का बसला आहे.

याच पाहण्यांमध्ये धर्माबद्दलही एक आकडा आहे. १९९२-९३ मध्ये देशातल्या मुस्लिम बाईला सरासरी ४.४१ मुलं होत आणि हिंदू बाईला ३.३०. २०१९-२१ मध्ये ते आकडे २.३६ आणि १.९४ वर आले. धर्मग्रंथ दोन्हीकडे होते तेच राहिले. मुली शाळेत गेल्या, जन्मलेली मुलं जगू लागली, दवाखाना जवळ आला, तसा पाळणा थांबला.

हे काम माणसांना बरोबर घेऊन कसं होतं, ते आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला दिसलं. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं गेले. दोघं श्रद्धावान ख्रिस्ती, पण गावात शिरले ते पाणी आणि पोषण घेऊन, कारण लोकांनी आधी तेच मागितलं. मग गावागावातून एकेक बाई निवडून तिला शिकवलं. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. आठवड्याला जामखेडला येऊन शिकायचं आणि परत जाऊन शेजारणीला सांगायचं. सुरुवातीला तिथं हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. अशा गावात आईला ‘दोनच पुरे’ म्हणणं म्हणजे तिची थट्टा होती. आधी मुलं वाचवली, मग बायका आपणहून ऑपरेशनचं विचारू लागल्या. गोवर देवीमुळे येत नाही, हे पुण्या-मुंबईच्या डॉक्टरनं सांगून पटलं नसतं. आपल्याच पंगतीत वाढलेल्या, आपल्याच जत्रेला येणाऱ्या बाईनं सांगितलं, तेव्हा पटलं.

ज्या अडचणीवर सगळ्यात कमी बोललं जातं ती आहे रक्तस्रावाची. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने पाळीत अंगावरून जास्त जातं. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ इंजेक्शन मिळतं, तीन महिन्यांतून एकदा. त्यानं काहींची पाळी थांबते, काहींना मधेच डाग लागतात. तब्येतीच्या दृष्टीनं यात बहुतेकदा घाबरण्यासारखं काही नसतं. पण जिथं विटाळ पाळतात त्या घरात डाग लागला की देवाला दिवा लावायचा नाही, चुलीशी जायचं नाही. महिन्यातले चार दिवस बाजूला बसायची तिथं दहा-बारा दिवस झाले की घरात कुजबुज सुरू होते, सासू विचारते, आणि बाई तांबी काढून घेते. सिस्टरच्या वहीत ‘त्रास झाला म्हणून काढली’ एवढंच येतं. त्रास नेमका कसला, त्याला वहीत रकाना नाही. उलट टोकाला, गौरी-गणपती किंवा नवरात्र आलं की मेडिकलवरून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सर्रास आणल्या जातात, डॉक्टरला न विचारता. नको असलेलं मूल टाळायला गोळी घेताना कचरणारं घर सणासाठी तीच गोष्ट बिनघोर करतं. हे बघून मला वाईट वाटतं, पण एक गोष्ट कळतेही. घराची भीती गोळीला नाही. बाईनं गोळी स्वतःसाठी घेण्याला आहे.

गेल्या वर्षी भाद्रपदात डांगाणातल्याच एका उपकेंद्राबाहेर बसलो होतो. पाऊस धरून होता, लसीचा डबा घेऊन सिस्टर नुकत्याच वाडीवरून परतल्या होत्या. एक तरुण बाई आली. पदरी दोन मुली, तिसऱ्यासाठी घरचे मागे लागलेले. तिचं ‘अंतरा’चं कार्ड ती घरी ठेवतच नाही, आशाताईंच्या घरी पिठाच्या डब्यामागे असतं. इंजेक्शन घेऊन झालं. सिस्टरनी पुढची तारीख सांगितली आणि ती जायला निघाली. मग दारातून परत फिरली. नवरात्रात ती कळसूबाईला जाणार होती, नऊ दिवसांचे उपास होते.

“सिस्टर, अंगात हे औषध असताना उपास चालतो ना? देवीला वर चढून गेलं तर चालेल ना?”

“चालेल की,” सिस्टर म्हणाल्या. “पाणी मात्र पीत जा. आणि मधे डाग लागला तर घाबरू नको, इकडं ये.”

“डाग लागला तर वर जाऊ का नको?”

सिस्टरनी डब्याचं झाकण लावलं. तिच्याकडे बघत म्हणाल्या, “मी गेले होते. मला लागला होता.”