परसातील खोपी आणि वाळवी

मृगाच्या पहिल्या सरी कोसळून गेल्या, की त्या संध्याकाळी कोकणातील घराघरांत दिव्याभोवती पंख असलेल्या किड्यांचे थवेच्या थवे जमतात. थोड्याच वेळात त्यांचे पंख गळून पडतात आणि सकाळी ओसरी झाडताना केरात पंखांचा हा ढीग निघतो. पाली, बेडूक आणि पाखरे यांना त्या दिवशी मेजवानीच असते. परंतु त्यांच्या तावडीतून जी मोजकी जोडपी सुटतात, ती ओल्या मातीत शिरतात. आणि तेथे, कोणाच्या ध्यानीमनीही नसता, एका नव्या वसाहतीचा आरंभ होतो. हे किडे म्हणजेच पंख फुटलेली वाळवी होय.

वाळवीला पांढरी मुंगी म्हणण्याचा प्रघात असला, तरी ती मुंगीची नव्हे, झुरळाची नातलग आहे. तिच्या वसाहतीत राजा, राणी, सैनिक आणि कामकरी असे वर्ग असतात. राणीचे पोट अंड्यांनी इतके फुगते, की तिला जागचे हलणेही कठीण होते. वारुळातील मोठ्या जातींची राणी दिवसाला हजारो अंडी घालते. एवढ्या मोठ्या कुटुंबाला अन्न पुरविण्याचा भार कामकऱ्यांवर असतो. लाकूड, पालापाचोळा, कागद, गवत, जे जे म्हणून झाडापासून झाले आहे ते सर्व त्यांचे भक्ष्य. भारतातील वारूळ बांधणाऱ्या कित्येक जाती हे कुरतडलेले लाकूड घरट्यात नेऊन त्यावर बुरशीचे मळे पिकवितात. पावसाळ्यात वारुळांच्या आसपास उगवणारी जी अळंबी लोक आवडीने खातात, तिच्यातील काही प्रकार याच भूमिगत मळ्यांतून वर आलेले असतात. रानात पडलेल्या वृक्षाची माती करून ती मातीलाच परत देणे, हे वाळवीचे काम निसर्गात मोलाचे आहे. दुर्दैव एवढेच, की पडलेले झाड आणि माणसाने उभा केलेला खांब यांतील भेद तिला कळत नाही.

नांगर, जू, कुदळी, गवताच्या पेंढ्या, सरपण अशा नाना वस्तू ठेवण्यासाठी कोकणातील शेतकरी परसात लाकडाची खोपी बांधतो. पुष्कळदा चार खांब सरळ जमिनीत पुरून त्यांवर तुळया टाकल्या जातात, वासे चढतात, कौले बसतात. पहिल्या वर्षी सर्व काही ठीक दिसते. मग एखाद्या पावसाळ्यात, सोसाट्याचा वारा सुटला असता, खोपी एका अंगाला कलते. पाहावे तो खांबाचा बाहेरचा पापुद्रा तसाच शाबूत आणि आत मात्र मातीने भरलेली पोकळी! वाळवी लाकूड आतून खाते आणि बाहेरची कवची ठेवते. आतल्या गवताची व अवजारांच्या दांड्यांचीही तीच गत झालेली असते, आणि ऐन लावणीच्या दिवसांत नवा नांगर करून घेण्याची पाळी येते.

ती बाहेरची कवची का ठेवते? कामकऱ्यांची त्वचा अत्यंत पातळ असते. ऊन आणि कोरडा वारा लागला, तर त्यांचा देह लवकरच सुकून जातो. शिवाय बहुतेक कामकरी आंधळे, आणि मुंग्या तर त्यांच्या हाडवैरी. म्हणून उघड्या जागेतून जायचे झाल्यास वाळवी माती आणि लाळ यांच्या मिश्रणाने पेन्सिलीएवढी जाड नळी बांधते व त्या ओल्या, अंधाऱ्या वाटेने ये-जा करते. शत्रूचे हे मर्म ज्याला समजले, त्याला खोपी कशी बांधावी हे निम्मे समजले.

जुन्या वाड्यांतील लाकडी खांब पाहावेत. त्यांतला एकही जमिनीत पुरलेला नसतो. प्रत्येकाखाली दगडाचा तळखडा असतो. खोपीसाठीही हीच रीत उत्तम. प्रथम जागेवरील झाडांचे बुंधे, मुळे व लाकडाचे तुकडे खणून काढावेत, नाहीतर पायाखालीच वाळवीला पंगत वाढल्यासारखे होते. नंतर चिऱ्यांचे दीड-दोन फूट उंचीचे पाये रचावेत. परंतु जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यातून सांधे मातीचे असतील, तर वाळवी पायाच्या पोटातून कोणाला न दिसता वर चढते. यासाठी पायाच्या माथ्यावर जस्ती पत्र्याची टोपी बसवितात. तिची कड चोहोबाजूंनी सुमारे २ इंच बाहेर काढून तिरकी खाली वळवितात आणि मग तिच्यावर खांब उभा करतात.

पत्र्याने वाळवी थांबते, अशी कित्येकांची समजूत असते. ती खरी नव्हे. भूक लागलेली वाळवी पत्र्याच्या कडेला वळसा घालूनही नळी बांधू शकते. पत्र्याचे काम एवढेच, की चोरवाटेने येणाऱ्या वाळवीला तो उजेडात येण्यास भाग पाडतो. नळी डोळ्यांना दिसली, की ती मोडून टाकता येते.

लाकूड निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. आंबा आणि सावर यांचे लाकूड स्वस्त मिळते, पण वाळवी त्याचा फडशा पाडते. सागाचा गाभा ती सहसा खात नाही. तथापि त्याच सागाच्या सालीलगतचे फिकट लाकूड तिला वर्ज्य नाही. पुरायच्या खांबाचे टोक जाळून कोळसा करण्याची चाल जुनी आहे. पण त्या कोळशाला भेगा पडतात आणि भेगेतून वाट मिळते. काजूच्या टरफलाचे तेल किंवा डांबर यांचा लेप त्याहून बरा. तोही वेळोवेळी द्यावा लागतो. एके काळी पायाच्या मातीत ऑल्ड्रिनसारखी जालीम विषे ओतली जात. ती वर्षानुवर्षे मातीत टिकत व अन्नपाण्यात उतरत. २००१ च्या स्टॉकहोम कराराने ऑल्ड्रिन जगभर वर्ज्य ठरविले. भारतातही त्यावर बंदी आहे. जेथे खोपी आणि पिण्याच्या पाण्याची विहीर एकाच परसात असते, तेथे या बंदीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

एवढे सर्व करूनही एक काम उरते, आणि ते कधीच संपत नाही. खोपीच्या भिंतीला टेकून सरपण रचू नये, कारण तेच वाळवीचा जिना होते. कौलांचे पाणी पायाशी साचू देऊ नये. पावसाळ्यात दर पंधरवड्याला कंदील किंवा विजेरी घेऊन खोपीच्या तळाशी वाकून पाहावे, पत्र्याच्या कडांवरून बोट फिरवावे आणि काठीने प्रत्येक खांबावर हलकेच ठोकावे. भरीव लाकूड टणक वाजते. पोकळ खांबाचा आवाज मात्र बद्द येतो.