ऊर्जा-गरज, दैनंदिन

शरीराचे वजन व आरोग्य टिकवून नेहमीची कामे करण्यासाठी माणसाला चोवीस तासांत अन्नातून जेवढी ऊर्जा मिळावी लागते, तिला दैनंदिन ऊर्जा-गरज म्हणतात. ती किलोकॅलरीत मोजतात. आहारशास्त्रात व्यवहारात ‘कॅलरी’ म्हणतात ती हीच. १ किग्रॅ. पाण्याचे तापमान १° से. ने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे १ किलोकॅलरी होय.

या गरजेचे तीन घटक आहेत. श्वसन, रक्ताभिसरण, शरीराचे तापमान राखणे व मेंदू, यकृत इ. इंद्रियांचे कार्य यांसाठी पूर्ण विश्रांतीतही ऊर्जा खर्च होते. तिला आधारभूत चयापचय म्हणतात. सु. बारा तासांच्या उपवासानंतर, जागेपणी, स्वस्थ पडून असताना शरीराने वापरलेल्या ऑक्सिजनावरून ती काढतात, १ लि. ऑक्सिजनामागे सु. ४·८ किलोकॅलरी ऊर्जा मुक्त होते. या अटी शिथिल करून केलेले मापन विश्रांत चयापचयाचे असते व ते किंचित जास्त येते. दुसरा घटक अन्नपचनाचा असून तो एकूण खर्चाच्या सु. दहा टक्के असतो. तिसरा शारीरिक हालचालींचा. माणसामाणसांत सर्वाधिक फरक याच घटकात पडतो.

प्रत्यक्ष मापन सर्वत्र शक्य नसल्याने सूत्रे वापरतात. हॅरिस व बेनेडिक्ट यांचे सूत्र १९१९ मध्ये, तर मिफ्लिन व सेंट जिअर यांचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांचा आधारभूत चयापचय पाश्चात्त्य सूत्रांनी येणाऱ्या आकड्यांपेक्षा कमी आढळल्याने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सुधारित सूत्रे दिली. त्यांनुसार ३० ते ६० वर्षांच्या स्त्रीसाठी वजनाला (किग्रॅ.) ८·३ ने गुणून ७८८ मिळवितात. येणाऱ्या संख्येला श्रमगुणकाने गुणले की दिवसाची गरज मिळते. परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत हा गुणक बैठ्या कामासाठी १·४, मध्यम श्रमासाठी १·८ व जड श्रमासाठी २·३ धरला आहे. त्यानुसार ६५ किग्रॅ. वजनाच्या पुरुषाची गरज अनुक्रमे २,११०, २,७१० व ३,४७० आणि ५५ किग्रॅ. वजनाच्या स्त्रीची १,६६०, २,१३० व २,७२० किलोकॅलरी ठरते. गरोदरपणी तीत ३५० व स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत ६०० किलोकॅलरींची भर घालतात.

वर्षभर एकच गुणक धरणे मात्र चुकीचे ठरते. कोकणातील दापोली (जि. रत्नागिरी) परिसरातील भातशेती हे याचे चांगले उदाहरण आहे. १९७२ पासून कोकणचे कृषी विद्यापीठ येथे आहे. पावसाळ्यात तरवा काढणे व चिखलात वाकून लावणी करणे ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. स्वयंपाक, पाणी व सरपण ही कामे त्यांना सुटत नाहीत. अशा ३५ वर्षांच्या, ५० किग्रॅ. वजनाच्या स्त्रीचा आधारभूत चयापचय वरील सूत्राने १,२०३ किलोकॅलरी येतो. उदाहरणापुरते गुणक झोपेला १, बैठ्या वेळेला १·४, घरकामाला २·५ व लावणीला ४ धरू. लावणीच्या दिवशी आठ तास झोप, सात तास लावणी, पाच तास घरकाम व चार तास बैठा वेळ धरल्यास दिवसाचा सरासरी गुणक २·२५ व गरज सु. २,७१० किलोकॅलरी येते. शेतकाम नसलेल्या दिवशी आठ तास झोप, सात तास घरकाम व नऊ तास बैठा वेळ धरल्यास गुणक १·५९ व गरज सु. १,९१० किलोकॅलरी येते. फरक ८०० किलोकॅलरींचा, म्हणजे पाव किलोहून थोड्या कमी तांदळाएवढा आहे. ‘गृहिणी’ अशी नोंद करून तिला बैठ्या वर्गात घातल्यास ऐन श्रमाच्या दिवसांत ही तूट हिशेबात दिसतच नाही. उलट, तेथून मुंबईस जाऊन कचेरीत बसणाऱ्याने शेतातला आहार तसाच चालू ठेवल्यास वजन वाढते.

सूत्राचे उत्तर हा अंदाज असतो. याच स्त्रीची उंची १५० सेंमी. धरल्यास मिफ्लिन-सेंट जिअर सूत्राने १,१०२ किलोकॅलरी येतात; गुणकामुळे ही सु. १०० ची तफावत लावणीच्या दिवशी सव्वादोनशेवर जाते. म्हणून काही आठवड्यांतील वजनाचा कल पाहून अंदाज दुरुस्त करावा लागतो. मात्र वजन स्थिर आहे एवढ्यावरून आहार पुरेसा ठरत नाही. दीर्घकाळ अपुऱ्या आहारात शरीर घटलेल्या वजनावर व कमी हालचालीवर तोल साधते. तेव्हा वजनाबरोबरच उंचीच्या मानाने वजन किती आहे आणि कामाचा उरक टिकून आहे का, हेही तपासणे आवश्यक असते.