उघडी वीट, तापलेला पत्रा

चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या एमआयडीसीतले एखादे जुने शेड भाड्याने घ्यायचे, भिंतीचे प्लास्टर फोडून वीट उघडी करायची, छताच्या लोखंडी कैच्यांना काळा रंग मारायचा, वरून पिवळे दिवे सोडायचे, की झाला ‘इंडस्ट्रियल’ स्टुडिओ. छत्रपती संभाजीनगरात छायाचित्रण, चित्रकला, ध्वनिमुद्रण किंवा नाटकाच्या तालमीसाठी जागा शोधणाऱ्यांमध्ये ही समजूत चांगलीच रुजली आहे. तिच्या मुळाशी एक घोटाळा आहे. कारखान्याच्या इमारतीत जे दिसते ते सजावट म्हणून आलेले नसते. यंत्र उंच म्हणून छत उंच, विजेचे दिवे नव्हते तेव्हाच्या गरजेपोटी खिडक्या मोठ्या, दुरुस्तीला हात पोचावा म्हणून नळ्या उघड्या. न्यूयॉर्कच्या सोहो भागात १९६०च्या दशकात चित्रकार रिकाम्या गोदामांत शिरले ते स्वस्त भाडे आणि मोठे कॅनव्हास मावतील अशी जागा मिळाली म्हणून. तिथे राहण्याची कायदेशीर मुभा त्यांना १९७१ साली मिळाली. उघडी वीट ही ‘शैली’ झाली ती नंतर. आपण ती शैली तेवढी उचलतो, आणि तिच्यामागची गरज तिकडेच राहते.

पहिला गैरसमज खर्चाचा. प्लास्टर नाही, पीओपी नाही, म्हणजे काम स्वस्तात होणार, हा हिशेब कागदावर बरोबर वाटतो. पण गवंडी जी भिंत प्लास्टरखाली जाणार असे धरून बांधतो, तिचे सांधे वाकडेतिकडे असतात, फुटक्या विटा मध्येच बसवलेल्या असतात. वीट दाखवायची तर सांधे खरवडून पुन्हा भरावे लागतात. बाहेरची बाजूही उघडी ठेवली तर पावसाचा मारा थेट विटेवर येतो, आणि चकचकीत लॅकर मारले तर आत शिरलेला ओलावा कोंडून विटेचे पापुद्रे सुटू लागतात. वायरिंगचेही तेच. भिंतीत गाडलेली नळी वाकडी गेली तर कोणाला दिसते? उघडी नळी मात्र ओळंब्यात असावी लागते, आणि लोखंडी असेल तर तिला नीट अर्थिंग द्यावेच लागते. उघडेपणा मजुरी वाचवत नाही, उलट जास्त कसबी हात मागतो.

दुसरा गैरसमज या शहरात सर्वांत महागात पडणारा: छत उंच म्हणजे जागा थंड. गरम हवा वर जाते हे खरे, पण वरून तिला वाट नसेल तर ती तिथेच साचते. छतावरचे गरगर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटरसुद्धा खालून हवा आत यायला झरोके असतील तेव्हाच कामाचे. शिवाय मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असताना पत्रा चटका बसेल इतका तापतो आणि त्याची धग थेट खालच्या माणसावर येते. तिला मधल्या हवेची मध्यस्थी लागत नाही. ‘एसी लावू’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. पण उघड्या पत्र्याखाली एसी म्हणजे भोके पडलेल्या माठात पाणी भरणे, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो बंद ठेवावा लागला तर वीस मिनिटांत खोली पुन्हा तापणार. आधी पत्र्याला वरून पांढरा परावर्तक लेप, खालून उष्णतारोधक थर, मग यंत्र. उष्म्याचा विचार करून बांधण्याचा नमुना गावातच आहे. पाणचक्की ही शब्दशः औद्योगिक वास्तू. मातीच्या नळांतून आणलेले पाणी तिथे दळणाचे जाते फिरवी, आणि हौदाखालचे दालन त्याच पाण्याने उन्हाळ्यात गार राही.

प्रकाशाबद्दल ‘उत्तरेची काच लावली की ऊन येत नाही’ हे वाक्य युरोपातल्या पुस्तकांतून आले आहे. आपले शहर जवळपास २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. साधारण २० मेपासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. करवतीच्या दात्यांसारख्या छतात काच तिरकी बसवली तर नेमक्या कडक उन्हाळ्यात ऊन आत उतरते. काच उभी ठेवून वर छोटा छज्जा काढला की दुपारचे काम भागते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हासाठी उभ्या पट्ट्या लागतात. तारा दिसणारे पिवळे दिवे वातावरणासाठी ठीक, पण त्यांच्या उजेडात निळा आणि काळा रंग ओळखून दाखवावा! चित्रकाराला रंगदर्शकता ९० च्या वर असलेले दिवे हवेत.

आवाजाचे गणित मात्र सरळ मांडता येते. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, साडेचार मीटर उंच अशी खोली धरा. भिंती, फरशी, छत सगळे कडक आणि उघडे. हार्वर्डच्या वॉलेस सबाइन यांनी १८९५ नंतर व्याख्यानगृहात आसनांच्या गाद्या आणून-उचलून जे सूत्र बसवले, त्याने अशा खोलीत घुमणे विरायला पाचेक सेकंद लागतात. बोलणे रेकॉर्ड करायला अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर हवे. नुसत्या छताला चांगले ध्वनिशोषक लावले तरी हा आकडा एका सेकंदाच्या खाली येतो. ‘पण मग कैच्या झाकल्या जातील’ हा आक्षेप रास्त आहे, पण शोषक उभ्या पट्ट्यांनी टांगला तर कैच्याही दिसतात आणि काम दुप्पट होते, कारण पट्टीच्या दोन्ही बाजू आवाज शोषतात. भिंतीपासून चार बोटे सोडून टांगलेली जाड गोधडीही चढे स्वर चांगले गिळते. ढोलकीच्या धुमाला ती पुरत नाही. अंड्यांचे ट्रे तर बाहेरचा आवाज मुळीच अडवत नाहीत. त्यासाठी वजन लागते, आणि चिकलठाण्यात विमानतळ शेजारी असताना पातळ पत्र्याकडे ते नाही. म्हणून रेकॉर्डिंगची खोली शेडच्या आत वेगळ्या विटांची, वेगळ्या छताची बांधायची. बाहेरचा डौल राहतो, आतली शांतता मिळते.

एवढे करून दिसण्याचा प्रश्न उरतोच. कोणी म्हणेल, कॅफेवाले असे काही करत नाहीत आणि त्यांची जागा छान दिसते. कॅफेत माणूस अर्धा तास बसतो, गोंगाट तिथे गर्दीची खूण ठरतो. स्टुडिओत तोच माणूस आठ तास कान आणि डोळे वापरून काम करतो. म्हणून जागा बघायला जाताना मे महिन्यातली दुपारी तीनची वेळ गाठावी, मध्ये उभे राहून एक टाळी वाजवावी आणि ती कितीदा परत येते ते ऐकावे. आणि सही करण्याआधी मालकाकडचा करार वाचावा: एमआयडीसीचे भूखंड सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने आणि ठरलेल्या वापरासाठी दिलेले असतात. तिथे स्टुडिओ चालेल का, पोटभाडेकरू ठेवता येईल का, याची परवानगी आधी हवी, आणि तिच्याबरोबर अग्निशमनाचीही. मुंबईच्या कमला मिल आवारात डिसेंबर २०१७ मध्ये छतावरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा जीव गेला. तीही जुन्या गिरणीची जागा होती.