बस कुठवर आली?

दादरला थांब्यावर उभा असलेला मुंबईकर फोनमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारची माहिती बघत असतो. एम-इंडिकेटर अ‍ॅपवर लोकलचं वेळापत्रक आणि २०२१च्या अखेरीस बेस्टने आणलेल्या ‘चलो’ अ‍ॅपवर बस आत्ता कुठवर आली ते. वेळापत्रक रोज बदलत नाही. ते फोनमध्येच साठवलेलं असतं, म्हणून नेटवर्क गेलं तरी दिसतं. बसचा ठावठिकाणा मात्र मिनिटभरात शिळा होतो. कुठली माहिती जवळ ठेवायची आणि कुठली पुन्हा मागायची, हे ठरवणं वेबसाइट बांधणाऱ्यांचं आज मोठं काम आहे.

एकेकाळी नवी माहिती हवी असली की अख्खं पान पुन्हा उघडावं लागे. मायक्रोसॉफ्टने १९९९ साली इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पान तसंच ठेवून सर्व्हरकडून माहिती आणायची सोय केली. २००५मध्ये गूगल मॅप्समुळे तिची ताकद लोकांना दिसली. २०१५च्या सुमारास ब्राउझरमध्ये ‘फेच’ आलं आणि तेच काम दोन ओळींत होऊ लागलं.

सोपं झालं तशी शिस्त मात्र सुटली. पानाचा प्रत्येक तुकडा आपापली माहिती मागू लागला, मग थांब्यांची तीच यादी तीन-तीनदा यायची. याहून वाईट घोटाळा शोधचौकटीत होतो. कुणी ‘परळ’ टाइप करतं. ‘प’ला एक मागणी जाते, ‘पर’ला दुसरी, ‘परळ’ला तिसरी. नेटवर्क रेंगाळलं आणि ‘प’चं उत्तर सगळ्यांत शेवटी आलं, तर परळच्या जागी पवई, पायधुणीची यादी येऊन बसते. सर्व्हर ठीक, प्रत्येक उत्तर बरोबर, तरी पडद्यावर चूक! नवी मागणी पाठवताना जुनी रद्द करणं हा त्यावरचा उपाय. ब्राउझर ती सोय देतात, पण ती वापरायला विसरणारे अजूनही पुष्कळ आहेत.

गेल्या काही वर्षांत हे काम टॅनस्टॅक क्वेरी, एसडब्ल्यूआर यांसारख्या तयार कोडच्या लायब्ररींनी अंगावर घेतलं. साठवलेली माहिती आधी दाखवायची आणि मागच्या मागे ताजी आणायची, ही त्यांची रीत. एकाच वेळी आलेल्या सारख्या मागण्या त्या एकत्र करतात. टॅनस्टॅक क्वेरी तर मागणी फसली की आपणहून आणखी तीनदा प्रयत्न करते.

माहिती किती वेळ ताजी मानायची, हे मात्र माणसानेच सांगायचं असतं. थांब्यांच्या नावांना दिवसभर चालेल, बसच्या ठावठिकाण्याला दहा सेकंदही जास्त. आणि जुनी जागा दाखवायचीच असेल, तर शेजारी ‘दोन मिनिटांपूर्वी’ असं लिहायलाच हवं. नाहीतर लालबागला निघून गेलेल्या बसची दादरला वाट बघत माणूस ताटकळतो.